घसरू नकोस हं

आमच्या घरमालकांना एका क्रियापदाची भीती वाटायची. घसरणं. मी ऑफिसला निघाले की ते "सावकाश जा" किंवा "बाय" म्हणायचे नाहीत. दार अर्धवट उघडून मान बाहेर काढायचे आणि म्हणायचे, "घसरू नकोस हं." जून महिन्यातसुद्धा. ऊन पडलेलं असायचं, म्हणजे ग्लासगोच्या मानानं ऊन. रस्ता खडखडीत कोरडा, पायात माझ्या सँडल. तरी "घसरू नकोस हं." सुरुवातीला मला वाटलं, हे माझ्या चारित्र्याबद्दल बोलतायत. नागपूरहून एकटी आलेली मुलगी, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. म्हटलं, काकांना तेवढी चिंता असणारच. मग एकदा पोस्टमनलाही त्यांनी "डोन्ट स्लिप" म्हटलेलं ऐकलं, तेव्हा खात्री पटली की विषय निव्वळ पायांचा आहे.

काका निवृत्त भूलतज्ज्ञ होते. पुण्यात शिकून तरुणपणी स्कॉटलंडला आले आणि इथल्या इस्पितळांत जन्मभर लोकांना झोपवत राहिले. "झोपवणं कुणालाही जमतं," ते म्हणायचे, "उठवता आलं पाहिजे." हे वाक्य ते बॉयलरबद्दल बोलायचे, गाडीबद्दल बोलायचे, माझ्या लॅपटॉपबद्दलही बोलायचे. मी तो बंद करायला लागले की शेजारी येऊन उभे राहायचे, जणू आता तो परत शुद्धीवर येईल की नाही हे त्यांनाच बघायचं होतं.

त्यांचं दुसरं वाक्य असं, की ओरडणाऱ्या पेशंटची काळजी करायची नसते, तो श्वास घेतोय. बघायचं ते शांत पेशंटकडे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत चाळीस पोरं किंचाळत असली तरी हे ढिम्म. पण एखादं पोर कोपऱ्यात गुपचूप बसलेलं दिसलं की जाऊन त्याची नाडी बघायचे. घरातला फ्रिज घरघरायचा थांबला की जेवता जेवता उठायचे. त्यांच्या या स्वभावाचं मला हसू यायचं आणि रागही यायचा, कारण काळजी ही सर्दीसारखी असते, एका घरात राहिलं की लागतेच. वर्षभरात मीही रात्री फ्रिजचा आवाज ऐकायला लागले होते.

आणि घरात सगळ्यांत शांत होत्या त्या काकू.

काकूंच्या किडन्या मी यायच्या आधीच निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. इस्पितळाची गाडी यायची, घेऊन जायची, संध्याकाळी आणून सोडायची. काका पोटॅशियम निघून जावं म्हणून बटाटे दोन पाण्यांत उकडायचे, केळं घरात येऊ द्यायचे नाहीत आणि काकूंचं पाणी मापानं द्यायचे. काकू कशालाच नाही म्हणायच्या नाहीत. "बरं" म्हणायच्या. मग काका बागेत गेले की टोमॅटोची एक चकती मीठ न लावता तोंडात टाकायच्या आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकवायच्या. मी काकांना कधी सांगितलं नाही. एक चकती तर होती बापडी.

घर ग्लासगोच्या बाहेर, उत्तरेला, टेकडीवर. मोठ्या रस्त्यापासून एक अरुंद, चांगलीच उताराची लेन वर यायची आणि काकांच्या दारात संपायची. लेन खासगी, त्यामुळे बर्फ वितळवायला मीठ टाकणारी काउन्सिलची गाडी तिथं यायची नाही. हे घर काकांनीच धडधाकट वयात हौसेनं घेतलं होतं. तेव्हा काकूही धडधाकट होत्या.

म्हणूनच त्यांनी ते मशीन आणलं. बर्फ उडवायचं यंत्र, स्नो ब्लोअर. कुठलासा गोल्फ क्लब ते भंगारात काढत होता. अमेरिकन बनावटीचं, वयानं माझ्याहून मोठं, मूळचा लाल रंग आणि वर चढलेला गंज यांत फरक कळू नये असं. पुढं भलंमोठं तोंड, तोंडात लोखंडी पीळ. तो फिरला की बर्फ आत ओढतो आणि वरच्या नळकांड्यातून लांब फेकतो. पण आमच्याकडे बर्फ पडायचा तो दुपारपर्यंत चिखल होण्यापुरता. मंडळातले लोक काकांची टिंगल करायचे. "काका, आता उंट कधी घेताय?" असं कुणीतरी विचारलंही होतं.

"सुंठीवाचून खोकला जातो, मान्य," काका गंभीरपणे म्हणाले, "पण नाही गेला तर?"

हा "तर?" त्यांचा तिसरा आवडता शब्द.

त्या वर्षी हिवाळ्याच्या आधी त्यांनी मशीनचं झाकण उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आतले दोन्ही पट्टे गेलेले. एक पट्टा चाकं फिरवतो, दुसरा तो पुढचा पीळ. दोन्ही कडेनं झिजून बारीक झाले होते, आतून चकाकत होते आणि वाकवले की भेगा पडत होत्या. नवे पट्टे अमेरिकेतून मागवावे लागले. मी कॉम्प्युटरवाली, म्हणून इंटरनेटवर शोधायचं काम माझ्याकडे. पार्ट नंबर काकांनी मला तीनदा वाचायला लावला, आणि शेवटी उलट क्रमानंही.

पट्टे आले आणि एका शनिवारी गॅरेजमध्ये ऑपरेशन झालं. ऑपरेशन हा माझा शब्द नाही. काकांनी खरोखर डोक्याला थिएटरची जुनी हिरवी टोपी बांधली होती. आधी त्यांनी इंजिनाच्या प्लगची वायर काढून बाजूला ठेवली. "पेशंट पूर्ण झोपला पाहिजे. अर्धवट झोपेत बोटं जातात." माझं काम टॉर्च धरायचं आणि मागितलेला पाना द्यायचा.

"डावा बोल्ट धर."

मी धरला.

"तो उजवा आहे."

"काका, हा माझा डावा आहे."

"तुझ्या डाव्याला कोण विचारतंय? पेशंटचा डावा! थिएटरमध्ये असं केलंस तर भलताच पाय कापशील."

पुढच्या पिळाच्या पट्ट्यासाठी मशीनचे चक्क दोन तुकडे करावे लागतात. तोंड एकीकडे, इंजिन आणि चाकं एकीकडे, मधे पट्टा. दोन पुल्या होत्या, एक लहान आणि एक मोठी, आणि त्यांच्यामधे पट्ट्याला बाजूनं टेकणारी एक छोटी चकती. तिचं काम मला समजेना. काकांनी समजावलं ते असं: "ही इंजिनाची लहान पुली म्हणजे सून. सारखी गरगर. ही मोठी म्हणजे सासू. आणि ही चकती म्हणजे मुलगा. लिव्हर दाबला की तो पट्ट्याला टेकतो, पट्टा ताठ होतो, आणि सासू-सून एका तालात फिरतात. तो बाजूला झाला की सून एकटीच गरगरते, सासू जागची हलत नाही."

"आणि पट्टा म्हणजे कोण?"

"पट्टा म्हणजे संसार," ते म्हणाले. "सगळ्यांनी मिळून झिजवायचा."

एवढ्यात काकू चहा घेऊन दारात आल्या. काका ओरडले, "तिथंच थांब! स्टराइल एरिया!"

"थांबले बाई," काकू म्हणाल्या. "तुमच्या पेशंटला मी कशाला हात लावू?"

पट्टे बसले. पण झाकणाचा एक गंजलेला बोल्ट काढताना तुटला होता, आणि दुसरा कुठलाही बोल्ट काकांना चालेना. तस्साच हवा. तो येईपर्यंत मशीन उघडंच राहिलं. नेमकं त्यातच नवरात्र आलं. खंडेनवमीला काकूंनी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा केली. विळी, मिक्सर, शिलाई मशीन, काकांचा स्टेथोस्कोप, माझा लॅपटॉप. मग तबक हातात घेऊन म्हणाल्या, "तुमच्या त्या गॅरेजमधल्याला पण हळदकुंकू लावून येते."

"अजिबात नाही," काका म्हणाले. "उघडं आहे ते. अक्षतेचा एक दाणा पुलीत गेला तर?"

"बरं," काकू म्हणाल्या.

बोल्ट आला, झाकण लागलं. दर रविवारी काका मशीन थोडा वेळ सुरू करायचे, पीळ फिरतो का बघायचे आणि समाधानानं परत झोपवायचे.

आणि त्या हिवाळ्यात खरोखरच बर्फ आला. चिखल होणारा नाही, राहणारा. दिवसरात्र पडला. मोठा रस्ताच बंद झाला आणि काकूंची डायलिसिसची एक पाळी चुकली. इस्पितळाची गाडी निघालीच नाही. दुसऱ्या दिवशीही आभाळ फुटल्यासारखा पडत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी थांबला आणि डायलिसिस युनिटमधून फोन आला: मेन रोड साफ झालाय, दुपारपर्यंत कसंही करून खाली आणा, जागा ठेवतो. वर मात्र आमची गाडी चढणार नाही.

मी खिडकीतून लेनकडे बघितलं. लेन कुठली, नुसता पांढरा उतार. वाऱ्यानं बर्फ साठून मांडीएवढा झाला होता.

काका काकूंच्या पायाशी बसले होते. सुजलेल्या घोट्यावर अंगठा दाबून खड्डा किती वेळ राहतो ते बघत होते. खड्डा राहत होता. काकूंना दोन उशा लावून बसवलं होतं, कारण आडवं झालं की धाप लागत होती.

"कसं वाटतंय?"

"बरं आहे हो."

काका स्वयंपाकघरात आले आणि हळू आवाजात मला म्हणाले, "तिच्या रक्तातलं पोटॅशियम वाढत असणार. त्याला आवाज नसतो. माणूस बोलता बोलता जातो." मी म्हटलं, ॲम्ब्युलन्स बोलावू. ते म्हणाले, "कोसळली की येतील गं, डोंगरातल्या बचावपथकाची माणसं चालत येतील. मला कोसळायच्या आधी पोचायचंय." अर्थात त्यांच्याकडे दुसरी योजनाही होती: काकूंना खुर्चीला बांधून चौघांनी उतरवायचं. काकू आतून म्हणाल्या, "मी काय गौर आहे का, उचलून न्यायला?" पण तेवढ्या एका वाक्यानंही त्यांना दम लागला.

मशीन पहिल्या हिसक्याला सुरू झालं. दारापासून आम्ही खाली निघालो, काका हँडलला, मी मागं फावडं घेऊन. बर्फाचं कारंजं उडून कुंपणापलीकडे पडत होतं. मंडळातल्या त्या उंटवाल्याला आत्ता इथं आणून उभं करावं असं मला वाटलं. लेनचा बराच भाग मोकळा झाला आणि मग कारंजं बसकं झालं. आधी कुंपणाच्या आत पडायला लागलं, मग आमच्या पायांवर, मग पीळ थांबलाच. इंजिन चालू, पीळ बंद. काहीतरी जळल्याचा वास.

काकांनी इंजिन बंद केलं. केबल बघितली, लिव्हर बघितला, थोडं थांबून परत सुरू केलं. परत छान कारंजं. मला हायसं वाटलं, आणि लगेच परत तेच. गार असताना चालायचं, गरम झालं की घसरायचं.

"पट्टा घसरतोय," काका म्हणाले. तो शब्द त्यांच्या तोंडून इतक्या भीतीनं मी कधी ऐकला नव्हता. "नवा पट्टा कसा घसरेल? नंबर बरोबर होता ना? तू बघितला होतास ना?"

"तीनदा बघितला, काका. उलटा पण."

एवढ्यात खालचा शेजारी फावडं घेऊन बर्फ तुडवत वर आला. निवृत्त शेतकरी, मोठा तगडा म्हातारा. त्याची फोर-व्हील ड्राइव्ह जीप खाली मेन रोडवर सुरू करून ठेवली होती, लेनच्या तोंडापर्यंत वाट करा, मी मिसेसना नेतो, म्हणाला. मग मशीनजवळ वाकून नाक ओढून म्हणाला, "फनी. स्मेल्स लाइक माय हॉलिडेज."

काकांनी त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "सनक्रीम," तो म्हणाला. "द बीच."

मीही वाकून वास घेतला. जळक्या रबराच्या मागं दुसरा एक वास होता, आणि तो माझ्या ओळखीचा होता. त्या गोऱ्या म्हाताऱ्याला त्यात समुद्रकिनारा आठवला. मला नागपूरची रविवारची सकाळ आठवली, आई न्हायच्या आधी डोकं चोळून द्यायची ती.

"काका," मी म्हटलं, "खोबरेल आहे."

काकांनी प्लगची वायर काढली. घाई होती तरी काढली. झाकण उघडलं. पट्ट्याची आतली बाजू बोटानं उलटी केली. तिथं लालसर, तुकतुकीत ओल पसरली होती, आणि लहान पुलीच्या खाचेतही. त्या गंजक्या लाल मशीनमध्ये ती आम्हाला कधी दिसलीच नसती. काकांनी अंगठा त्यावरून फिरवला, नाकाशी नेला आणि तसेच उभे राहिले.

काकूंची खोबरेलाची बाटली कायम रेडिएटरवर असायची, नाहीतर या देशात तेल दगड होतं. कोरडं कुंकू रबरावर टिकलं नसतं, म्हणून खंडेनवमीला त्यांनी ते तेलात कालवलं असणार. गॅरेजच्या थंडीत ते पट्ट्यावर मेणासारखं बसून राहिलं, आणि रविवारच्या थोड्याशा चालण्यात वितळलंही नाही.

"तिनं आतल्या बाजूनं लावलं," काका म्हणाले. "बाहेरून लावलं तर मी पुसेन म्हणून."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील, वर जाऊन काकूंना बोलतील, अक्षतेच्या दाण्यावरून तेव्हा बोलले तसं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते उभे होते आणि मला त्यांचीच काळजी वाटायला लागली, कारण शांत पेशंटकडे बघायचं हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"काका, आता काय करायचं?"

ते भानावर आले. "स्पिरिट आण. कापूस आण. आणि गॅरेजच्या खिळ्यावरचा जुना पट्टा."

"जुना? तो टाकला नव्हता?"

"टाकतंय कोण?"

लेनच्या मधोमध, बर्फात गुडघे टेकून, आम्ही त्या मशीनचे परत दोन तुकडे केले. शेजाऱ्यानं तोंडाकडची बाजू धरली. काकांनी सासू, सून आणि मुलगा तिघांनाही स्पिरिटनं पुसून काढलं. त्यांच्या हातातून बोल्ट सुटून बर्फात पडत होते आणि मी ते चाचपून काढत होते. "डावा," ते म्हणाले, आणि मी न विचारता पेशंटचा डावा दिला. नव्या पट्ट्यानं तेल पिऊन घेतलं होतं, तो उपयोगाचा नव्हता. भेगा पडलेला जुना पट्टा त्यांनी चढवला.

"हा तुटला तर?" मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना त्यांचाच प्रश्न विचारत होते.

"तर खुर्ची," ते म्हणाले.

मशीन सुरू झालं. जुना पट्टा असा कर्कश किंचाळायला लागला की शेजाऱ्यानं कानांवर हात ठेवले. पण कारंजं उठलं. मी घाबरून म्हटलं, "काका, ओरडतोय तो!"

"ओरडू दे," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, गार वाऱ्यानं असेल. "ओरडतोय तोवर जिवंत आहे."

तो मेन रोडपर्यंत ओरडत गेला.

काकूंना आम्ही दोन्ही बाजूंनी धरून उतरवलं. काका पावलापावलाला "घसरू नकोस हं, घसरू नकोस" म्हणत होते आणि काकू थांबून थांबून श्वास घेत होत्या. जीपमध्ये मी आणि काकू मागं, काका पुढं. काकूंनी काचेतून मोकळी झालेली लेन बघितली. त्यांचा चेहरा सुजला होता, पण त्या हसल्या.

"अहो, एक सांगू? रागवायचं नाही." दम घेत घेत त्या म्हणाल्या. "तुम्ही नको म्हणालात ना, तरी खंडेनवमीला मी तुमच्या मशीनची पूजा केली होती. गुपचूप. पट्ट्याला आतून बोट ओढलं कुंकवाचं. म्हणून आज चाललं बघा."

मी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. मला आता स्फोट अपेक्षित होता. ज्या माणसानं पोस्टमनला सोडलं नाही, तो याला सोडेल? काकांच्या अंगठ्यावर अजून तो लाल डाग होता. त्यांनी तो हात कोटाच्या खिशात घातला.

"हो," ते म्हणाले. "म्हणूनच चाललं."

काकू त्या दिवशी वेळेवर पोचल्या. तिकडची नर्स म्हणाली, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. काका वेटिंग रूममध्ये पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकून बसलेले मी बघितले. काकूंना त्यांनी पट्ट्याचं खरं काय ते कधीच सांगितलं नाही. पुढच्या खंडेनवमीला तबक त्यांनीच गॅरेजमध्ये नेलं आणि काकूंना म्हणाले, "कुंकू हँडलला लाव. हँडल म्हणजे त्याचं कपाळ." काकूंनी लावलं. पट्टे आत नवे होते आणि झाकण घट्ट बंद होतं.

मग माझी बदली इंग्लंडात रीडिंगला झाली. तिथं फोन आला तेव्हा वसंत होता. काकू इस्पितळातच गेल्या, झोपेत, काहीही आवाज न करता. बर्फाचा काही संबंध नव्हता. लेन कोरडी होती.

त्या वर्षी नवरात्रात मी ग्लासगोला त्यांना भेटायला गेले. त्यांनी चहा केला, बटाटे अजून सवयीनं दोन पाण्यांत उकडले, आणि मग म्हणाले, "चल, पेशंट बघू." गॅरेजमध्ये मशीनचं झाकण उघडं होतं. शेजारी वाटीत कालवलेलं कुंकू होतं. तेल पातळ होतं, म्हणजे बाटली अजून रेडिएटरवरच ठेवत होते.

त्यांनी बोट वाटीत बुडवलं आणि पट्टा उलटा करून आतल्या बाजूनं ओढलं.

"काका!" माझ्या तोंडून निघून गेलं. "अहो, घसरेल तो!"

"घसरू दे," काका म्हणाले. "आता कुणाला पोचवायचंय?"

त्यांनी पुली हातानं थोडी फिरवली. खूण आत गेली. मग झाकण लावून त्यांनी दोन्ही बोल्ट पिळले, आधी पेशंटचा डावा आणि मग उजवा.